पाच किलोमीटर उंचीवरचा हिशेब

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा घसरला की नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पहाटे पाच-सहा अंशांची नोंद होते, तयार होत आलेल्या मण्यांना तडे जायची भीती असते, आणि बागायतदार ओळींमधून धूर करत, विहिरीचं कोमट पाणी सोडत पहाट काढतात. त्याच रात्री रत्नागिरीत पारा सहसा सतरा-अठरा अंशांच्या खाली उतरत नाही. दोन्हीकडे सूर्य जवळपास एकाच वेळी मावळलेला, दिवसभराचं ऊनही साधारण सारखंच. मग निफाडच्या जमिनीने दिवसा घेतलेली उष्णता गेली कुठे?

ती वर गेली, आकाशात. जगातली प्रत्येक वस्तू, मग ती तापलेली जमीन असो, माणसाचं शरीर असो की बर्फाची लादी, आपापल्या तापमानाप्रमाणे किरण बाहेर टाकत असते. आपल्या रोजच्या तापमानाला हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत; त्यांना अवरक्त किरण म्हणतात. देशावर हिवाळ्यात हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असतं, त्यामुळे जमिनीतून निघालेल्या किरणांना वाटेत अडवणारं फारसं काही नसतं. कोकणातल्या हवेत बाष्प भरपूर. बाष्प हे किरण शोषून घेतं, स्वतः किरण टाकतं आणि त्यातला मोठा भाग पुन्हा जमिनीकडे येतो. कोकणाच्या उबेत समुद्राचाही मोठा वाटा आहे, हे खरं. पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, मराठवाड्यात किंवा विदर्भातही ढगाळ रात्र उबदार जाते आणि आभाळ मोकळं झालं की गारठा वाढतो, हे कुणाही शेतकऱ्याला विचारावं.

हरितगृह परिणाम म्हणतात तो हाच. तो कारखान्यांनी जन्माला घातलेला नाही. माणूस नव्हता तेव्हाही तो होता, आणि तो नसता तर माणूसही नसता. आपण त्यात भर घातली. ती भर नेमकी कशी काम करते, हे समजून घ्यायचं तर सुरुवात साऱ्या पृथ्वीच्या जमाखर्चापासून करावी लागते.

वातावरणाच्या माथ्यावर, सूर्याकडे तोंड करून धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १३६१ वॅट ऊर्जा पडते. पृथ्वी गोल आहे आणि तिच्या अर्ध्या भागात रात्र असते, म्हणून साऱ्या पृष्ठभागावर वाटली तर सरासरी त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे ३४० वॅट येते. त्यातली जवळजवळ ३० टक्के ढग, बर्फ आणि वाळवंटं परत फेकतात. उरतात सुमारे २४० वॅट. तापमान स्थिर राहायचं असेल तर एवढीच ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात परत जायला हवी. आता एखाद्या पृष्ठभागाने चौरस मीटरमागे २४० वॅट बाहेर टाकायचे तर त्याचं तापमान किती असावं लागतं? स्टेफान आणि बोल्ट्झमन यांच्या नियमाने उत्तर येतं: उणे १८ अंश सेल्सिअस. आपल्या ग्रहाचं प्रत्यक्ष सरासरी तापमान मात्र अधिक १५ अंशांच्या आसपास आहे. या तापमानाला जमीन आणि समुद्र मिळून चौरस मीटरमागे ३९० वॅटच्या वर ऊर्जा वर पाठवतात, आणि अवकाशात पोचतात त्यातले २४०. हे दीडशे वॅट आणि हे ३३ अंश म्हणजे वातावरणाची करामत.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला तो पॅरिसमध्ये, जोझेफ फुरिए या गणितज्ञाने, १८२४ मध्ये. सूर्याचा प्रकाश हवेतून सहज खाली येतो, पण जमिनीने परत पाठवलेल्या अदृश्य उष्णतेला तीच हवा अडथळा करते, असा त्याचा तर्क होता. हवेतला नेमका कोणता घटक अडथळा करतो, हे कळायला आणखी तीन-साडेतीन दशकं जावी लागली.

१८५६ मध्ये अमेरिकेत यूनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरले, आत थर्मामीटर ठेवले आणि नळकांडी उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सगळ्यांत जास्त तापलं आणि थंड व्हायलाही त्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला. पृथ्वीच्या हवेत एकेकाळी हा वायू जास्त असेल तर तेव्हा तापमानही जास्त असलं पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्या वर्षी ऑल्बनीच्या विज्ञान परिषदेत त्यांचा निबंध त्यांच्याऐवजी जोझेफ हेन्री यांनी वाचला. १८४८ च्या सेनेका फॉल्सच्या स्त्री-हक्क जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या या बाई पुढे दीडशे वर्षं विस्मृतीत गेल्या, याचं वाईट वाटतं. फूट यांचा प्रयोग उन्हाचा होता. जमिनीतून निघणाऱ्या अवरक्त किरणांचं वेगळं मोजमाप त्यात नव्हतं.

ते केलं जॉन टिंडल यांनी, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, १८५९ पासून. टिंडल आल्प्सचे गिर्यारोहक. हिमनद्या का वाढतात, का आटतात, याचं त्यांना कुतूहल. त्यांनी एक लांब पितळी नळी घेतली, एका टोकाला उकळत्या पाण्याचं भांडं आणि दुसऱ्या टोकाला थर्मोपाइल हे उष्णता मोजणारं साधन बसवलं. नळीची तोंडं बंद करायला काच चालेना, कारण काच स्वतःच अवरक्त किरण गिळते. म्हणून त्यांनी सैंधवाच्या स्फटिकाच्या चकत्या घासून पारदर्शक करून बसवल्या. मग एकेक वायू आत सोडून पाहिला. नायट्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे हवेचा ९९ टक्के भाग, या किरणांना जणू नव्हतेच. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांनी मात्र गॅल्व्हानोमीटरचा काटा हलवला. एका उन्हाळी रात्रीपुरतं जरी इंग्लंडवरचं बाष्प काढून घेतलं तरी सकाळपर्यंत हिमाने नाजूक झाडं मरून जातील, असं टिंडल यांनी पुढे लिहिलं. निफाडच्या बागायतदाराला हे पटवून द्यावं लागणार नाही.

नव्याण्णव टक्के हवा या किरणांपुढे निष्क्रिय आणि उरलेल्यातला चिमूटभर भाग सक्रिय, असं का? उत्तर रेणूंच्या बांधणीत आहे. किरण म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं आंदोलन. ते शोषायचं तर रेणूतला विद्युतभार हलता हवा. नायट्रोजनच्या रेणूत दोन सारखे अणू. ते जवळ आले, लांब गेले तरी दोन्ही बाजू सारख्याच राहतात आणि किरणाला पकडायला जागा मिळत नाही. ऑक्सिजनचंही तेच. कार्बन डायऑक्साइडमध्ये मधे कार्बन आणि दोन बाजूंना ऑक्सिजन असे तीन अणू एका रेषेत असतात. हा रेणू मधून वाकतो, तेव्हा भाराची विभागणी बदलते. त्याच्या वाकण्याची लय १५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या किरणांशी जुळते. आणि पृथ्वीच्या तापमानाची वस्तू जे किरण टाकते, त्यांचा जोर असतो साधारण १० ते २० मायक्रोमीटरच्या पट्ट्यात. म्हणजे हा वायू पृथ्वीच्या खर्चाच्या ऐन मुख्य रस्त्यावर बसलेला आहे. ८ ते १२ मायक्रोमीटरच्या दरम्यान मात्र कोरड्या हवेत वाट बरीचशी मोकळी असते; निफाडच्या रात्रीची उष्णता मुख्यतः तिथून निसटते.

व्याख्यानांनंतर एक प्रश्न हमखास येतो: हवेच्या दहा हजार रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम चार-सव्वाचार रेणू, ते साऱ्या पृथ्वीला काय तापवणार? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. प्रमाण छोटं असलं तरी हवा प्रचंड आहे. तुमच्या पायाखालच्या एक चौरस मीटर जमिनीवर उभ्या असलेल्या हवेचं वजन दहा टनांच्या वर भरतं. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून तोलला तर सुमारे साडेसहा किलो निघेल. जमिनीलगतच्या दाबाला तोच पसरला तर शुद्ध वायूचा सव्वातीन मीटर उंचीचा थर होईल, घराच्या छताएवढा. औद्योगिक काळापूर्वी हा थर सव्वादोन मीटरच्या आत होता. टिंडल यांच्या नळीची लांबी यापेक्षा कितीतरी कमी होती आणि तरीही त्यांचा काटा हलला होता. उरलेले ९९ टक्के रेणू या किरणांच्या बाबतीत नसल्यासारखेच, म्हणून त्यांच्याशी तुलना करून काहीच कळत नाही.

या वायूचं प्रमाण बदललं तर तापमान किती बदलेल, याचा पहिला आकडा दिला स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने, १८९६ मध्ये. त्याला चिंता तापमानवाढीची नव्हती. हिमयुगं का आली याचा शोध तो घेत होता. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ सॅम्युएल लँगली यांनी चंद्राकडून येणाऱ्या उष्णतेची मोजमापं केली होती. चंद्र क्षितिजाजवळ असताना त्याच्या किरणांना जास्त हवा ओलांडावी लागते, माथ्यावर असताना कमी. त्या फरकातून अऱ्हेनियसने हवेचं शोषण काढलं आणि मग हजारो आकडेमोडी हाताने केल्या. उत्तर आलं: कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल. आजच्या मापाने हे उत्तर जास्त आहे, पण त्या साधनांनी एवढ्या जवळ जाणं ही विलक्षण गोष्ट आहे.

आणि इथे या कथेतला माझ्या मते सर्वांत मोलाचा टप्पा येतो. तो एका आक्षेपाचा आहे. शाळेच्या पुस्तकांत तो सापडत नाही, आणि म्हणूनच पुस्तक वाचूनही हा विषय अर्धवट समजतो.

१९०० मध्ये स्वीडनमधल्याच क्नुट ऑंगस्ट्रॉमने (ज्यांच्या नावाने लांबीचं एकक आहे, त्यांचा हा मुलगा) साधा प्रयोग छापला. नळीत कार्बन डायऑक्साइड भरला, अवरक्त किरण सोडले, शोषण मोजलं. मग वायू एक तृतीयांशाने कमी केला. शोषणात जवळजवळ फरक पडला नाही. निष्कर्ष उघड होता: १५ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात जे शोषायचं ते सगळं आधीच शोषलं जातं. आणखी वायू ओतला तर तो शोषणार काय? शिवाय उरलेल्या तरंगलांबींत बाष्प आहेच. बहुतेक हवामानतज्ज्ञांना हे पटलं आणि अऱ्हेनियसचं गणित तीन-चार दशकं बाजूला पडलं. हाच आक्षेप आजही नव्या कपड्यांत फिरतो, आणि तो मांडणारे सगळेच लबाड नसतात. जमिनीलगत पाहिलं तर ऑंगस्ट्रॉमचं म्हणणं खरंच आहे. १५ मायक्रोमीटरचा किरण जमिनीतून निघाला की थोड्याच अंतरात शोषला जातो.

चूक होती ती पुढचं पाऊल न टाकण्यात. किरण शोषलेला रेणू ऊर्जा साठवून बसत नाही. बहुतेक वेळा तो लगेच शेजारच्या नायट्रोजन-ऑक्सिजनवर आदळतो आणि ऊर्जा त्यांना देऊन टाकतो, म्हणजे ती हवाच तापते. तापलेल्या हवेतले कार्बन डायऑक्साइडचे रेणू त्या हवेच्या तापमानाप्रमाणे पुन्हा किरण टाकतात, वरही आणि खालीही. वर गेलेला किरण वरच्या हवेत पुन्हा शोषला जातो. असं होत होत तो अशा उंचीला पोचतो की वर उरलेली हवा विरळ असते, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड आता त्याला अडवायला पुरत नाही, आणि किरण कायमचा निसटतो. पृथ्वीचा खर्च ठरतो तो या सुटकेच्या उंचीवर. जमिनीजवळ किती शोषलं गेलं, याने तो ठरत नाही.

पावसाळ्यात माळशेजच्या किंवा आंबोलीच्या कड्यावर उभं राहून दरीत पाहावं. खालचं गाव दिसत नाही, दिसतो तो धुक्याचा वरचा पृष्ठभाग. धुकं वाढलं तर गाव आणखी काय झाकणार, ते आधीच पूर्ण झाकलेलं आहे. पण धुक्याचा माथा कड्याकडे वर सरकतो. १५ मायक्रोमीटरच्या नजरेने अवकाशातून पाहिलं तर पृथ्वी नेमकी अशीच दिसते. जमीन केव्हाच झाकली गेली आहे. वायू वाढला की वर सरकतो तो माथा.

माथा वर सरकल्याने बिघडतं काय? आपण राहतो त्या तपांबरात दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. महाबळेश्वरला गेलेल्या प्रत्येकाने याचा अनुभव घेतला आहे. म्हणजे सुटकेची जागा वर सरकली की ती जास्त थंड हवेत जाते. थंड वस्तू कमी किरण टाकते. सूर्याकडून जमा तेवढीच, खर्च मात्र कमी. शिल्लक साठत जाते आणि खालपासून वरपर्यंत सगळं तापू लागतं, ते त्या नव्या, उंच थराचं तापमान पुन्हा २४० वॅट बाहेर टाकण्याइतकं वाढेपर्यंत. हवा सतत वर-खाली घुसळत असल्यामुळे वरचा आणि खालचा थर एकमेकांना बांधलेले असतात. वरचा थर एका अंशाने तापायचा तर जमीनही जवळपास तितकीच तापावी लागते.

आता मघाचे आकडे परत पाहू. सगळ्या तरंगलांबींची सरासरी घेतली तर सुटकेची उंची सध्या सुमारे पाच किलोमीटर येते. तिथलं तापमान उणे १८. तिथून साडेसहा अंश प्रति किलोमीटर दराने खाली उतरा: पाच किलोमीटरला साडेबत्तीस-तेहेतीस अंश, आणि जमिनीवर १५. ३३ अंशांचं कोडं असं सुटतं. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर ही सरासरी उंची सुमारे दीडशे मीटरने वर सरकते. दीडशे मीटर म्हणजे जवळपास एक अंश. पुढचे सगळे परिणाम वगळून, निव्वळ या वायूने होणारी वाढ एवढी असते. दर दुपटीला साधारण तेवढीच भर पडते: २८० वरून ५६० दशलक्षांश (हवेच्या दहा लाख रेणूंमागे एवढे रेणू) झालं तरी तेवढी, ५६० वरून ११२० झालं तरी तेवढीच.

उत्तराची ही वाट एका माणसाने बांधली नाही. गाय कॅलेंडर हा वाफेच्या यंत्रांवर काम करणारा इंग्लिश अभियंता. त्याने १९३८ मध्ये जगभरची तापमानं गोळा करून दाखवलं की पृथ्वी तापते आहे आणि कार्बन डायऑक्साइडही वाढतो आहे. तज्ज्ञांनी त्याला फारसं मनावर घेतलं नाही. मग १९५६ मध्ये गिल्बर्ट प्लास याने संगणकाच्या मदतीने थरांमागून थर असं गणित केलं. जमिनीलगत हवेच्या दाबामुळे शोषणाच्या रेषा रुंद होऊन एकमेकींत मिसळतात. उंचावर दाब कमी, रेषा बारीक आणि सुट्या होतात, आणि त्यांच्या मधून किरण निसटू शकतात. जमिनीवरच्या दाबाला नळीत केलेला प्रयोग हे दाखवूच शकत नव्हता. ऑंगस्ट्रॉमच्या आक्षेपाला त्याच्याच भाषेत मिळालेलं हे उत्तर.

पडताळा दिला उपग्रहांनी. १९७० मध्ये सोडलेल्या निंबस-४ ने पृथ्वीचे अवरक्त किरण तरंगलांबीप्रमाणे वेगळे करून मोजले. सहाराच्या दुपारचा त्यातला आलेख प्रसिद्ध आहे. १० ते १२ मायक्रोमीटरच्या मोकळ्या वाटेत उपग्रहाला थेट वाळू दिसते, सुमारे ४७ अंशांना भाजणारी. आणि १५ मायक्रोमीटरपाशी आलेख खोल दरीत कोसळतो: तिथे दिसणारं तापमान उणे ५० च्याही खाली. वाळवंट एकच, क्षणही एकच. पण त्या तरंगलांबीला उपग्रहापर्यंत पोचतात ते किरण वाळूचे नसून दहा-बारा किलोमीटर आणि त्याहून वरच्या गोठलेल्या हवेचे असतात. १९९७ मध्ये जपानी उपग्रहाने अशीच मोजणी केली. जॉन हॅरीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा हरितगृह वायूंच्या नेमक्या तरंगलांबींवर बाहेर जाणारी ऊर्जा घटलेली दिसली. उलट बाजूने, जमिनीवरून वर पाहणाऱ्या उपकरणांनी २००० ते २०१० या काळात ओक्लाहोमा आणि अलास्कात कार्बन डायऑक्साइडकडून खाली येणारी ऊर्जा दशकाला चौरस मीटरमागे ०.२ वॅटने वाढताना मोजली.

आणखी एक साक्ष मला सर्वांत निर्णायक वाटते. पृथ्वी सूर्यामुळे तापत असती तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांच्या १९६७ च्या गणितातून वेगळंच निघालं: कार्बन डायऑक्साइड वाढला की तपांबर तापतं आणि त्याच्या वरचं स्थितांबर थंड होतं. तिथे या वायूच्या वर अडवणारं फारसं काही नाही. वायू जास्त म्हणजे अवकाशात उष्णता टाकणारे रेणू जास्त. तेव्हा हे तपासायला मोजमापंच नव्हती. ती आल्यावर स्थितांबर थंड होतच असल्याचं दिसलं. त्याच्या खालच्या भागात ओझोन घटल्याचा वाटा मोठा आहे. वरच्या भागातली घट मात्र मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची. मानाबे यांना २०२१ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता बाष्पाचा प्रश्न. हवेतला सर्वांत प्रभावी हरितगृह वायू बाष्पच आहे, मग दोष कार्बन डायऑक्साइडला का? कारण बाष्प स्वतःहून वाढत नाही. हवेत गेलेलं पाणी सरासरी आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येतं. हवेत किती बाष्प मावेल ते तापमान ठरवतं: एका अंशाला सुमारे सात टक्के जास्त. कार्बन डायऑक्साइडने हवा थोडी तापवली की बाष्प वाढतं आणि ते आणखी तापवतं. बर्फ वितळून उघडा पडलेला गडद समुद्र जास्त ऊन शोषतो. ढग दोन्ही बाजूंनी काम करतात, आणि गणितातला सर्वांत अवघड भाग तोच आहे. हे सगळं धरून दुपटीमागे तापमानवाढीचा आजचा सर्वोत्तम अंदाज तीन अंशांचा आहे. अडीच ते चार ही त्याची संभाव्य मर्यादा.

इतर वायूंपैकी भातखाचरं, गुरं आणि नैसर्गिक वायूच्या गळतीतून येणारा मिथेन औद्योगिक काळापूर्वीच्या अडीच पटींहून जास्त झाला आहे. युरियासारख्या नत्रखतांतून सुटणारा नायट्रस ऑक्साइडही वाढतो आहे. सीएफसी (क्लोरोफ्लोरोकार्बन) वायूंचा तापमानवाढीचा धोका दाखवला तो वीरभद्रन रामनाथन यांनी, १९७५ मध्ये. तरुणपणी सिकंदराबादला रेफ्रिजरेटरच्या कारखान्यात नोकरी करताना याच वायूची गळती थांबवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पुढे अमेरिकेत त्यांनी मांडलं की त्याचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार रेणूंच्या तोडीचा आहे. कारण सरळ आहे: हे रेणू ८ ते १२ मायक्रोमीटरच्या त्या मोकळ्या वाटेतच येऊन बसतात, जिथे आधी अडवणारं कुणी नव्हतं.

हवेत किती वायू आहे याची सलग नोंद चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर सुरू केली. तेव्हा आकडा सुमारे ३१३ दशलक्षांश होता; २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर गेली. आपल्याकडे गोव्यात काणकोण तालुक्यात, काबो-द-रामच्या किनाऱ्यावर १९९३ पासून अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने आणि ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओने बाटल्यांत हवेचे नमुने भरले. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा दक्षिण गोलार्धातून, हिंदी महासागरावरून स्वच्छ हवा घेऊन येतो आणि आकडा उतरतो. हिवाळ्यात वारा उलटून देशाच्या आतली हवा किनाऱ्यावर येते आणि तो चढतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने असेच नमुने सिंहगडावरही घेतले. हा कार्बन आपलाच, हे त्याच्या जातीवरून कळतं: कोट्यवधी वर्षं पुरलेल्या कोळसा-तेलात कार्बन-१४ उरलेला नसतो आणि कार्बन-१३ कमी असतो, आणि हवेतल्या कार्बनमध्ये हे दोन्ही विरळ होत गेले. ज्वलनाला लागतो तेवढा ऑक्सिजनही हवेतून घटताना मोजला आहे.

जमा आणि खर्च यांतला फरक सध्या चौरस मीटरमागे पाऊण ते एक वॅट आहे. आकडा किरकोळ वाटतो, पण साऱ्या पृथ्वीवर पसरला तर तो मानवजात वापरते त्या एकूण ऊर्जेच्या जवळपास वीसपट होतो. यातला ९० टक्के भाग समुद्रात जातो. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे एका अंशाने तापला, आणि आपला मान्सून याच समुद्रावरून बाष्प उचलतो.

मिथेन हवेत डझनभर वर्षं टिकतो. गळती थांबवली तर एका पिढीत फरक दिसेल. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. दरवर्षी सोडलेल्यातला निम्मा भाग समुद्र आणि झाडं लगेच उचलतात, उरलेल्यातला बराचसा शतकांमध्ये जिरतो, आणि काही भाग हजारो वर्षं हवेतच राहतो. सगळी धुराडी आज बंद केली तरी आतापर्यंतची तापमानवाढ कित्येक शतकं बरीचशी तशीच राहील. ती आणखी किती वाढेल, हे मात्र पुढे जाळल्या जाणाऱ्या प्रत्येक टनावर ठरतं.